शेडमधल्या बँडसॉचा कट तिरका येतो, ब्लेड टिकत नाहीत. गाइड आणि व्हील बदलावेत की मशीन विकून टाकावी?

तुमच्या प्रश्नावरून मला एवढं कळलं: हिंगणा एमआयडीसीत काही जणांनी मिळून शेड घेतलाय, लोखंड कापायचा आडवा बँडसॉ (दात्यांचं पट्ट्यासारखं ब्लेड दोन व्हीलवर फिरवून कापणारी मशीन) सगळ्यांचा एकच आहे, कट खाली जाता जाता ढळतो, ब्लेड लवकर जातात आणि मेकॅनिकने गाइड (ब्लेड सरळ धरणारे भाग) आणि व्हील बदलायला सांगितलंय. माझं ऐकाल तर तो खर्च सध्या थांबवा. एक नवं ब्लेड लावा, टेन्शन द्या आणि एक जाड गोल रॉड कापून बघा.

कापलेल्या तोंडाला गुण्या लावा. डावी-उजवीकडे तिरका असेल तर वाईसचा (माल पकडणाऱ्या शिकंजाचा) फिक्स जॉ, म्हणजे न हलणारा जबडा, ब्लेडशी काटकोनात नाही. बोल्ट सैल करून गुण्याने लावून घ्या, काम संपलं. वरून खाली तिरका असेल तर मात्र दोष ब्लेडचा, टेन्शनचा, गाइडचा किंवा जास्त दाबाचा. तुमचं वर्णन याच प्रकारात बसतं.

यात पहिला संशय जुन्या ब्लेडवर. कोणाच्या तरी घाईत ब्लेड वाईसच्या जॉला घासलं की एका बाजूचे दाते बोथट होतात आणि ब्लेड धार असलेल्या बाजूकडे ओढत जातं. सामायिक शेडमध्ये ज्याच्या हातून हे होतं तो बोलत नाही, आणि नंतर येणारा समजतो मशीनच वाकडी झाली. मग तो ॲलन की घेऊन गाइडचे स्क्रू फिरवतो. खरं नुकसान इथे होतं, कारण आता दोन दोष झाले. गाइड आणि व्हीलच्या स्क्रूला एकाच माणसाने हात लावायचा, बाकीच्यांनी नाही, एवढा नियम आधी करा.

दुसरा संशय गाइड आर्मवर, म्हणजे गाइड मालाच्या जवळ-लांब सरकवणाऱ्या दांड्यावर. आदल्याने मोठा पाइप कापला, तुम्ही २५ मिमीचा रॉड लावला आणि आर्म तसाच लांब ठेवला तर मधलं ब्लेड लवचतं. दर वेळी आर्म मालाच्या जितका जवळ आणता येईल तितका आणायचा. मग मेन स्विच बंद करून बेडवर गुण्या उभा करा आणि दोन्ही गाइडजवळ ब्लेडला लावून बघा. तिथे फट दिसली, तरच गाइड सेट करायचे.

ब्लेड अकाली जाण्याचं मोठं कारण म्हणजे सगळ्या मालाला एकच ब्लेड. कटमध्ये कायम किमान तीन दाते असले पाहिजेत. २-३ मिमी जाडीच्या पाइपला १०/१४ दात्यांचं (म्हणजे इंचाला १० ते १४ दाते), ५० मिमीच्या भरीव रॉडला ४/६ चं. ४/६ वर पातळ पाइप घेतला की दाते पटापट उडतात, आणि उडालेले तुकडे कटमध्येच राहिले तर पुढचं ब्लेडही त्यांच्यावर मरतं. म्हणून नवं ब्लेड जुन्या अर्धवट कटमध्ये कधीच घालू नका. माल फिरवून दुसरीकडून सुरू करा. नव्या ब्लेडचे पहिले काही कट निम्म्या फीडने (ब्लेड मालात उतरण्याच्या वेगाने) घ्या. अँगल कापताना तो उलट्या व्हीसारखा ठेवा. भंगारातून आलेल्या मालावर आधी कानस फिरवून बघा. घसरली तर तो माल बँडसॉचा नाही.

बुरादा बघायची सवय लावा. पीठ पडतंय म्हणजे फीड कमी, निळा आणि जाड पडतोय म्हणजे जास्त. एमएसला (साध्या पोलादाला) ब्लेडचा वेग साधारण ६० ते ८० मीटर प्रति मिनिट चालतो. एसएस (स्टेनलेस स्टील) त्याच वेगाने घ्याल तर ब्लेड संपलंच. बीड (कास्ट आयर्न) कोरडंच कापा. ब्लेड साफ करणारा तारेचा ब्रश झिजलेला असतो आणि कोणी बघत नाही. तो दात्यांच्या खाचेपर्यंत पोचला पाहिजे.

कूलंटचं (ब्लेड थंड ठेवणाऱ्या तेल-पाण्याच्या मिश्रणाचं) आपल्याकडे वेगळंच असतं. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, टाकीतलं पाणी उडतं, तेल मागे राहतं. लोक वर पुन्हा पूर्ण मिश्रण ओततात आणि सगळं चिकट होतं. उन्हाळ्यात वरून पातळ मिश्रण टाका आणि मिश्रणात तेल किती ते दाखवणारा रिफ्रॅक्टोमीटर ठेवा. मिसळताना पाण्यात तेल, तेलात पाणी नाही. बोअरच्या जड पाण्याने वर साय येते. सुटीनंतर कुजका वास आला तर वर तरंगणारं तेल काढा, टाकीच्या तळाचा गाळ उपसा. नुसती अगरबत्ती लावणारेही पाहिलेत मी.

कट चालू असताना लाइन गेली तर ती येण्याची वाट न पाहता हेड (ब्लेड बसवलेला वरचा भाग) वर उचलून ठेवा. लाइन आल्यावर मशीन आपोआप सुरू होत असेल तर स्टार्टर आजच बदला. तिथे पैसे वाचवू नका.

ब्लेड तुटलं तर फेकण्याआधी तडा कुठून गेलाय ते बघा. पाठीकडून असेल तर ब्लेड व्हीलच्या काठावर किंवा मागच्या बेअरिंगवर घासतंय, म्हणजे व्हीलचं ट्रॅकिंग (ब्लेड व्हीलवर नीट जागेवर धावतंय का) तपासायचं. दात्यांच्या खाचेतून असेल तर फीड किंवा टेन्शन जास्त. जोडावरच तुटलं तर वेल्डिंग कच्चं, ब्लेड जोडून देणाऱ्याकडे परत न्या. रात्री टेन्शन सैल करून जा.

एवढं करूनही ढळलं, तर ब्लेड काढून व्हील हाताने हलवा. बेअरिंगमध्ये खेळ जाणवला तर बेअरिंग बदला. व्हीलचा काठ झिजून ब्लेड उतरत असेल, तरच मेकॅनिकचं व्हीलबद्दलचं म्हणणं खरं. गिअरबॉक्स शाबूत असेल तर मशीन विकू नका.