दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को विमानाने अंतर किती, आणि पोहोचायला किती वेळ लागतो?

थेट विमान असेल तर साधारण 16 तास धरून चाला. वाटेत एकदा विमान बदलायचं असेल तर 20 ते 26 तास, मधे किती ताटकळावं लागतं त्यावर. सरळ अंतर सुमारे 12,400 किलोमीटर.

तुम्ही विचारलंय की 12,400 ला ताशी 900 ने भागलं तर पावणेचौदा तासच येतात, मग बाकीचे कुठे जातात? गणित बरोबर आहे, पण विमान त्या रेषेवरून जातच नाही. पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरलात तर तो हिमालय ओलांडून तिबेट, सायबेरिया आणि पार आर्क्टिकवरून जातो. तिबेटवरून जाणं विमानं शक्यतो टाळतात. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला झटकन 3,000 मीटरपर्यंत खाली यावं लागतं, आणि त्या पठाराची सरासरी उंचीच 4,500 मीटरच्या आसपास! शिवाय हवाई हद्दींचं राजकारण आहेच. रशियाने 2022 मध्ये अमेरिकन कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, पाकिस्तानने एप्रिल 2025 मध्ये भारतीय कंपन्यांना.

पण मला विचाराल तर खरी गंमत वाऱ्याची आहे. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम वाहतो, कधी कधी ताशी 200 किलोमीटरच्याही वर, हिवाळ्यात जास्तच. एअर इंडियाचं या मार्गावरचं विमान आधी अटलांटिकवरून जायचं, अंतर सुमारे 13,900 किलोमीटर. ऑक्टोबर 2016 मध्ये त्यांनी ते उलट्या बाजूने, पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढून 15,300 किलोमीटर झालं, वेळ मात्र साडेचौदा तासांवर आला, म्हणजे आधीपेक्षा जवळजवळ दोन तास कमी. भागून बघा, जमिनीच्या हिशेबाने सरासरी वेग ताशी 1,050 च्या वर जातो. (पृथ्वी फिरते म्हणून पूर्वेकडे जायला वेगळा वेळ लागतो, हे बऱ्याच जणांकडून ऐकलंय. तसं काही नाही. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते.)

तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात, तिथे गोंधळू नका. हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्को आपल्या साडेतेरा तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेबारा. हिवाळ्यात पहाटे 4 ला निघून 16 तास उडालात, तरी तिथे उतरताना त्याच दिवशीचे सकाळचे साडेसहाच वाजलेले असतात. परतीला उलटं: शुक्रवारी सकाळी 10 ला निघालात तर तेवढ्याच तासांत दिल्लीत शनिवारी दुपारचे साडेतीन. न्यायला कोणी येणार असेल तर त्यांना वारही सांगून ठेवा.