फोनमधलं ॲप आणि ह्यांची शुगर

प्रश्न : ताई, आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. ह्यांना ६३ वर्षं, शुगर आणि बीपी दोन्ही. मुलगा बेंगळुरूहून आला तेव्हा ह्यांच्या फोनमध्ये चालण्याचं अन खाण्याचं अशी दोन ॲप टाकून गेला. आता रोज विचारतो, बाबा दहा हजार पावलं झाली का, आणि हे चिडून फोन घरीच ठेवून फिरायला जातात. वर कोणीतरी कॅमेऱ्यावर बोट ठेवून शुगर सांगणारं ॲप पाठवलंय. काय करू?

उत्तर : काकू, ते बोटवालं ॲप आधी काढून टाका, आत्ताच. कॅमेऱ्यावर बोट ठेवून नाडीचे ठोके मोजता येतात, रक्तातली साखर नाही. सुई न टोचता शुगर सांगणारी घड्याळं-अंगठ्या वापरू नका असं अमेरिकेत औषधं-उपकरणं तपासणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्येच बजावलंय, कारण चुकीचा आकडा बघून कोणी गोळी किंवा इन्सुलिन कमीजास्त केलं तर जिवावर बेततं. काकांसाठी घरचं ग्लुकोमीटरच बरं.

आणि ते दहा हजार काही डॉक्टरांनी ठरवलेले नाहीत हो, १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र निघालं त्याचं नावच तसं होतं, तिथून हा आकडा पसरला. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं म्हणते, म्हणजे रोज अर्धा तास, पाच दिवस, थोडा दम लागेल पण बोलता येईल असं. काका आज तीन हजार चालत असले तर ॲपमध्ये टार्गेट साडेतीन हजार करा, ते बदलता येतं, आणि काकांनाच स्वतःच्या हाताने बदलू द्या. फक्त इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर उपाशीपोटी लांब जायचं नाही, खिशात साखर ठेवायची, घाम फुटला, हात थरथरले तर शुगर फार खाली गेली असं समजून तीन छोटे चमचे लगेच खायची आणि १५ मिनिटांनी शुगर तपासायची.

खाण्याच्या ॲपचं म्हणाल तर त्यात नुसतं पोहे लिहून भागत नाही, आपल्याकडे वर शेव असते, जिरावन मसाला असतो, दोन्हीत मीठ, आणि बीपीवाल्याला दिवसाचं सगळं मिळून एक छोटा चमचा म्हणजे ५ ग्रॅमच्या आतच मीठ चालतं. मला वाटतं सगळं जेवण मोजत बसू नका, महिनाभर फक्त शेव किती वेळा घेतली तेवढंच टिपा.

मुलाला सांगा, रोज विचारू नकोस, रविवारी फोन कर, काका स्वतःहून सांगतील. तीन महिन्यांनी एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, करायला जाल तेव्हा ॲपमधल्या नोंदी डॉक्टरांना दाखवा.