मोबाइलवर तासभर, वहीवर दहा मिनिटंही नाही

प्रश्न : मुलगा ८ वर्षांचा आहे. अभ्यासाला बसत नाही, मोबाइलवर मात्र रमतो. हे एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता) की हट्टीपणा?

उत्तर : मोबाइलवर रमतो म्हणून एडीएचडी नाही, असं म्हणता येत नाही. तिथे क्षणाक्षणाला नवं काही मिळतं, वहीत मिळत नाही. एडीएचडी असलेल्या मुलांना कंटाळवाण्या कामावर लक्ष टिकवणं खरोखरच जड जातं, त्यांना आळशी म्हणू नका.

एडीएचडी म्हणायचं तर लक्षणं १२ वर्षांच्या आत सुरू झालेली, किमान ६ महिने टिकलेली आणि घर-शाळा दोन्हीकडे दिसणारी हवीत. फक्त घरीच दिसत असतील, तर कारण दुसरं शोधावं. रक्ततपासणीने किंवा स्कॅनने निदान होत नाही. बालमानसोपचारतज्ज्ञ पालकांशी बोलतात, शिक्षकांकडूनही प्रश्नावली भरून घेतात. कान, डोळे आणि झोप आधी तपासून घ्या. घोरणारं मूलही दिवसा असंच चुळबुळ करू शकतं.

गृहपाठाचे १०-१० मिनिटांचे तुकडे करा, मधे उड्या मारू द्या. स्वयंपाकघरातून हाक मारू नका, जवळ जाऊन एकच सूचना द्या. शाबासकी तिथल्या तिथे द्या, रविवारच्या बक्षिसापर्यंत त्याचा धीर टिकत नाही.

डॉक्टरांनी मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीवरचं औषध सुचवलं तर घाबरू नका. त्याने भूक मंदावते, म्हणून भरपेट नाश्ता आधी द्या आणि उंची-वजनाची नोंद ठेवा.