दीडशे तास कधीच भरले, मग पोरगा अजून गॅरेजवर कशाला?

प्रश्न : माझा मुलगा १६ वर्षे ७ महिन्यांचा आहे. तालुक्याच्या आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक ट्रॅक्टर’ ट्रेडला शिकतो. आयटीआयनं त्याला ओजेटीसाठी (ऑन द जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं शिक्षण) एका ट्रॅक्टर गॅरेजवर पाठवलं. ५० दिवस झाले. सकाळी ९ ते रात्री ८, मधात जेवायला तासभर. सुटी एकही नाही, पैसा एक नाही. निम्मा दिवस ट्रॅक्टर धुणं, चहा आणणं, मालकाच्या मोटरसायकलवर पार्ट आणणं यातच जातो. त्या गॅरेजवर माझी रोटाव्हेटर दुरुस्तीची १४,००० रुपये उधारी आहे. मालक म्हणते, “पोरगं काम करते तोवर उधारीचं टेन्शन नोका घेऊ.” आता पाचशेच्या स्टॅम्पवर ‘अपघात झाल्यास गॅरेज जबाबदार नाही’ असं लिहून मागत आहेत. दहावीची मूळ गुणपत्रिकाही ठेवून घेतली आहे. पोराला कामाची आवड आहे. काढून आणलं तर वर्ष वाया जाईल का?
— एक पालक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : भाऊ, वर्ष वाया जात नाही. मात्र मुलाला रागारागानं घरी आणून बसवू नका. आधी कागद तयार करा, मग आणा.

सुरुवात तासांपासून करू. आयटीआयच्या अभ्यासक्रमात वर्षाला १५० तासांचं ओजेटी ठेवलेलं आहे. जवळपास योग्य जागा मिळत नसेल, तर त्याऐवजी गटप्रकल्प करून घेण्याची सोय त्याच अभ्यासक्रमात आहे. तुमचा मुलगा जेवणाचा तास सोडून रोज १० तास काम करतो, म्हणजे त्याचे १५० तास पंधराव्या दिवशीच भरले. ५० दिवसांचे ५०० तास होतात. वरचे ३५० तास कोणत्या अभ्यासक्रमात बसतात, याचं उत्तर मालकाकडेही नाही आणि ज्यांनी पाठवलं त्या आयटीआयकडेही नाही. शिक्षणाच्या नावावर काढून घेतलेलं हे फुकटचं काम आहे.

ओजेटीच्या १५० तासांसाठी कायद्यानं ठरवून दिलेलं विद्यावेतन नाही. त्यामुळे पहिल्या पंधरा दिवसांचा पैसा मिळाला नाही, एवढ्यावरून तक्रार उभी राहत नाही. ॲप्रेंटिसशिप वेगळी. १९६१ च्या कायद्याखाली रीतसर करारावर घेतलेल्या ॲप्रेंटिसला विद्यावेतन द्यावंच लागतं आणि तो अल्पवयीन असेल तर करारावर पालकाची सही लागते. तुमच्याकडे असा करार नाही. गावात कोणी ‘लाडका भाऊ’ योजनेचं नाव काढलं असेल, तर मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना १८ वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी आहे. तीही इथे लागू नाही.

लागू आहे तो बाल व किशोरवयीन कामगार कायदा, १९८६. २०१६ च्या दुरुस्तीपासून १४ ते १८ वयाच्या मुलांना त्यात ‘किशोरवयीन’ म्हणतात आणि खाण, ज्वलनशील पदार्थ, स्फोटकं अशा अनुसूचीतल्या धोक्याच्या कामांवर त्यांना ठेवताच येत नाही. बाकी ठिकाणी कामाच्या वेळा कलम ७ नं बांधल्या आहेत. सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नाही, त्यानंतर किमान एक तास विश्रांती, आणि विश्रांती व कामाची वाट पाहत बसलेला वेळ धरून दिवसाचे सहाच तास. संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळात काम नाही. ओव्हरटाइम नाही. कलम ८ प्रमाणे आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुटी. म्हणजे प्रत्यक्ष काम दिवसाला पाच तास. त्या हिशोबानं १५० तासांना ३० दिवस, सुट्या धरून साधारण पाच आठवडे लागले असते. हे नियम मोडले तर कलम १४ खाली एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मालक म्हणेल, “तो कामगार नाही, शिकाऊ आहे.” पहिल्या १५० तासांपुरता हा मुद्दा ऐकून घेता येईल. पुढच्या काळात पाहायचं ते हे, की मुलगा नसता तर ते काम करायला पगारी माणूस ठेवावा लागला असता का. ट्रॅक्टर धुणं, झाडलोट, पार्ट आणणं याला उत्तर ‘हो’ असंच आहे. वहीत ‘प्रशिक्षणार्थी’ लिहिलं म्हणून कामाचं स्वरूप बदलत नाही.

आता उधारी. तुमच्या पत्रातली सगळ्यात धोक्याची गोष्ट हीच आहे आणि तुम्ही ती जाता जाता लिहिली आहे. बापाच्या देण्यापोटी मुलानं बिनपगारी राबायचं, या व्यवहाराला १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात नाव आहे. आगाऊ दिलेला पैसा किंवा वस्तू, आणि त्यापोटी कर्जदारानं किंवा त्याच्या घरच्यानं नाममात्र मजुरीवर अथवा फुकट केलेलं काम, हे त्यात वेठबिगारी ठरतं. असं काम करून घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि ते कर्जच कायद्यानं संपतं. दुरुस्तीची उधारी ही ‘आगाऊ रक्कम’ धरायची का, यावर मालकाचा वकील भांडेल. म्हणून ती बुडवायचा सल्ला मी देत नाही. पण मुलाच्या कामात ती वळती होऊ देऊ नका. “३५० तासांचे पैसे धरा आन् उधारी मिटवा” असं कोणी मध्यस्थ सुचवेल, गावात असे समेट होतातच. ते मान्य केलंत, तर मुलगा उधारीपोटीच कामाला होता हे तुम्ही स्वतः कबूल केल्यासारखं होईल. मालकाकडून दुरुस्तीचं बिल मागा. जमेल तसे दोन-तीन हजार यूपीआयनं टाका आणि शेऱ्यात ‘रोटाव्हेटर दुरुस्ती’ लिहा. बापाच्या संमतीनं पोरगा उधारी फेडत होता, हे म्हणायला मग जागा उरणार नाही.

स्टॅम्पवर सही करू नका, मुलालाही करू देऊ नका. अल्पवयीनानं केलेला करार मुळातच रद्दबातल असतो. १९०३ च्या मोहोरी बिबी खटल्यापासून हे पक्कं आहे. तुमच्या सहीनंही मालकाची कायद्यानं आलेली जबाबदारी पुसली जात नाही. पण तो कागद दाखवून पुढे तुम्हालाच गप्प बसवतील. गुणपत्रिका अडवून ठेवायचा अधिकार कुठल्याही मालकाला नाही. ती आधी लेखी मागा. हरवली असं सांगितलं, तर शाळेमार्फत अमरावती विभागीय मंडळाकडून दुसरी प्रत काढता येते.

मोटरसायकलचं काम आजपासून बंद. १८ वर्षांखालच्या मुलाला गिअरची गाडी किंवा ट्रॅक्टर रस्त्यावर चालवता येत नाही. दुरुस्तीनंतर “एक चक्कर मारून आण” हेही त्यातच आलं. मोटर वाहन कायद्याच्या कलम १९९-अ खाली पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते, आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. ट्रॅक्टर मेकॅनिकला २५ पर्यंत लायसन्स नसणं म्हणजे १८ पासूनची धंद्याची सात वर्षं अडकली, असं समजा.

पुरावा शांतपणे गोळा करा. मुलाला साध्या वहीत रोजचं लिहायला सांगा : किती वाजता आला, काय केलं, कोणी शिकवलं, किती वाजता सुटला. मालकाचे “उद्या लवकर ये” असे व्हॉट्सॲप मेसेज आणि व्हॉइस नोट जपा. पुढे ते कोर्टात दाखवायचे तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, म्हणून मूळ फोन विकू नका, रिसेट करू नका. ओजेटीच्या लॉगबुकाच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा. अशा वह्यांत ‘इंजिन ओव्हरहॉल’ लिहिलेलं असतं आणि मुलानं त्या दिवशी फक्त एअर क्लीनर डिझेलनं धुतलेला असतो. दोन वह्यांतला हा फरक तुमच्या तक्रारीचा कणा आहे.

मग प्राचार्यांना अर्ज. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. मजकूर असा चालेल :

“माझा मुलगा दि. … पासून … येथे ओजेटीसाठी आहे. अभ्यासक्रमातील १५० तास पूर्ण झाले असून तास प्रमाणित करून त्यास संस्थेत परत घ्यावे. त्याच्याकडून रोज १० तास, रात्री ८ पर्यंत, साप्ताहिक सुटीविना काम घेतले जात आहे. संस्थेने गॅरेजशी केलेल्या कराराची प्रत मिळावी. मूळ गुणपत्रिका परत मिळवून द्यावी. गॅरेजने तास प्रमाणित न केल्यास अभ्यासक्रमातील तरतुदीप्रमाणे गटप्रकल्प द्यावा व हजेरीवर परिणाम होऊ देऊ नये.”

हजेरीचं वाक्य गाळू नका. अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते आणि ‘गैरहजर मांडीन’ हीच मालकाची धमकी असणार. कराराची प्रत दिली नाही, तर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात मागा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

निदेशकाशी, म्हणजे आयटीआयत ट्रेड शिकवणाऱ्या शिक्षकाशी, वेगळं बोला. गॅरेजवर पोरं पाठवून तिकडे फिरकायचंच नाही, हा प्रकार संस्थेचाही दोष आहे आणि तो अर्जात सौम्य शब्दांत यायला हवा. ओजेटी ही वाईट गोष्ट नाही. संस्थेत स्टँडवर ठेवलेलं इंजिन आणि पेरणीच्या तोंडावर बंद पडलेला ट्रॅक्टर, ज्याचा मालक शेजारी उभा आहे, यातलं दुसरं जास्त शिकवतं. डिझेल लाइनची हवा काढणं, फीलर गेजनं टॅपेट लावणं, क्लच पेडलचा फ्री प्ले बसवणं, हे जाणत्या मिस्त्रीनं सोबत उभं राहून करून घेतलं तर १५० तास सार्थकी लागतात. पुढची जागा ठरवताना विचारा : मिस्त्री कोण, नुसत्या जॅकवर ट्रॅक्टर ठेवून खाली शिरावं लागतं की स्टँड लावतात, चालू पीटीओ शाफ्टवर (ट्रॅक्टरमागची अवजार फिरवणारी दांडी) गार्ड आहे का. सैल शर्टाची बाही शाफ्टमध्ये गेली की हात वाचत नाही.

सात दिवसांत प्राचार्यांकडून हालचाल झाली नाही, तर जिल्हा व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण अधिकारी, त्यांच्यावर अमरावतीचे प्रादेशिक सहसंचालक. वेळांच्या उल्लंघनाची तक्रार सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे. उधारीचा दबाव सुरूच राहिला तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, वेठबिगार कायद्याची दक्षता समिती त्यांच्या पातळीवर असते. मुलाला अडवून ठेवलं किंवा मारहाण झाली तर थांबू नका, मुलांच्या मदतीचा १०९८ हा नंबर लावा. ३५० तासांच्या मोबदल्याची मागणी स्वतंत्र लेखी करा. ती मिळायला वेळ लागेल, पण कागदावर आली की मालक बोलायला बसतो.

वकिलाचा खर्च तुम्हाला लागणार नाही. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते, फोन १५१००. जाताना मुलाच्या आधारची प्रत, शिक्का मारलेला अर्ज आणि त्याची रोजची वही सोबत न्या.