दुकान बंद झालं, नोंदण्या चालूच आहेत

प्रश्न : तालुक्याच्या गावी माझं किराणा आणि जनरल स्टोअर्स होतं. उधारी बुडाली, दोन वर्षांपूर्वी दुकानाला कुलूप लावलं. जीएसटीची रिटर्नं भरली नाहीत. पुढे नोंदणी रद्द झाल्याचा मेसेज आला, तेव्हा वाटलं सुटलो. आता व्यवसाय कराच्या थकबाकीची नोटीस आली आहे. दुकानच नाही, तर कर कशाचा?
— एक वाचक, वरुड

उत्तर : व्यवसाय कराचं खातं वेगळं आहे, म्हणून. जीएसटी रद्द झाला तरी व्यवसाय कराचा तुमच्या नावाचा पीटीईसी नंबर आपोआप बंद होत नाही. त्यावर दर वर्षी २,५०० रुपये आणि व्याज चढत राहतं. दुकानात गडी ठेवून त्यांचा कर कापत असाल तर पीटीआरसी हा दुसरा नंबरही असेल. दोन्ही रद्द करण्याचे अर्ज महाजीएसटीच्या संकेतस्थळावर वेगवेगळे करावे लागतात. सोबत दुकान कधी बंद झालं याचा पुरावा जोडा. जीएसटी रद्दचा आदेश, शेवटचं वीजबिल, भाड्याची जागा सोडल्याचं मालकाचं पत्र, यातलं जे असेल ते चालतं. नोटिशीला उत्तर न देता नुसता रद्दचा अर्ज टाकू नका. आधी उत्तर द्या आणि त्यात बंद झाल्याची तारीख स्पष्ट लिहा.

आता जीएसटी. सलग सहा महिने रिटर्न न भरल्यास अधिकारी स्वतःहून नोंदणी रद्द करू शकतो आणि तुमच्या बाबतीत तेच झालं. पण त्या आदेशाने तुमच्यावरचं देणं पुसलं जात नाही. पोर्टलवर लॉगिन करून रद्दचा आदेश (आरईजी-१९) उघडा आणि त्यातली ‘रद्द झाल्याची तारीख’ बघा. बऱ्याचदा ती मागची असते. त्या तारखेपर्यंतची रिटर्नं भरावीच लागतात. विक्री शून्य असेल तर थ्री-बीचा (जीएसटीआर-३बी, कर भरण्याचं नेहमीचं रिटर्न) उशिराचा दंड दिवसाला २० रुपये, एका रिटर्नला जास्तीत जास्त ५०० रुपये. मुदत उलटून तीन वर्षं झालेलं रिटर्न आता पोर्टल घेतच नाही, म्हणून हे काम पुढच्या हंगामावर ढकलू नका.

त्यानंतर जीएसटीआर-१०, म्हणजे अंतिम रिटर्न. रद्दची तारीख किंवा आदेशाची तारीख, यांतली जी नंतरची असेल तिच्यापासून तीन महिन्यांत ते भरायचं असतं. उशिराला दिवसाला २०० रुपये, कमाल १०,००० रुपये. तुमची मुदत गेली असावी. तरी भरा, दंड एका ठिकाणी येऊन थांबतो. तुम्ही कंपोझिशन योजनेत (उलाढालीवर ठरावीक टक्के कर) असाल तर जीएसटीआर-१० लागत नाही, वर्षाचं जीएसटीआर-४ राहिलं असेल तर ते भरायचं.

जीएसटीआर-१० मध्ये लोक फसतात ते मालाच्या हिशोबात. नोंदणी रद्द होण्याच्या आदल्या दिवशी दुकानात जो माल होता, त्यावर खरेदीच्या वेळी घेतलेलं क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) परत करायचं असतं. समजा साबण, शाम्पू, बिस्किटं मिळून ५०,००० रुपयांचा माल उरला होता आणि खरेदी १८ टक्क्यांनी होती, तर ९,००० रुपये. विक्रीवरचा कर त्यापेक्षा जास्त निघत असेल तर तो. डीप फ्रीजरसारख्या यंत्राला पाच वर्षांचं, म्हणजे ६० महिन्यांचं आयुष्य धरतात. ५०,००० च्या फ्रीजरवर ९,००० क्रेडिट घेतलं आणि ४८ महिने वापरला, तर उरलेल्या १२ महिन्यांचे १,८०० रुपये. मात्र तो १५,००० ला विकला तर त्यावर १८ टक्क्यांनी २,७०० होतात. दोन्हींत जास्त ते भरायचं, म्हणजे २,७००. ‘उरलेला माल मेहुण्याच्या दुकानात टाकला, बिल नाही केलं’ हे उत्तर तिथे चालत नाही. बिल नाही म्हणजे माल तुमच्याकडेच होता असं धरलं जाईल. खरेदीची बिलं हरवली असतील तर बाजारभावाने किंमत लावून सीएचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं.

अजून ज्यांचं दुकान चालू आहे आणि बंद करायचं मनात आहे, त्यांनी याच्या उलट्या क्रमाने जावं : आधी माल बिलावर विकून खात्यातलं क्रेडिट वापरून घ्यावं, मग आरईजी-१६ हा नोंदणी रद्द करण्याचा अर्ज करावा. बंद झाल्यापासून ३० दिवसांत तो करायचा असतो. खात्यात पडून राहिलेलं क्रेडिट बंद करताना हातात रोख मिळेल अशी आशा धरू नये. रोख खात्यातली शिल्लक मात्र परत मागता येते. अर्जात पुढच्या पत्रव्यवहाराचा पत्ता विचारतात, तिथे घरचा टाका, दुकानाचा नको. आणि ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो ते आधी बघा. बहुतेक खात्यांवर कर सल्लागाराचा नंबर असतो. तो नंबर बंद झाला की तुमचं स्वतःचं खातं तुम्हालाच उघडता येत नाही.

किरकोळ कामं : गुमास्ता (शॉप ॲक्ट) बंद झाल्याची सूचना ३० दिवसांत, ‘आपले सरकार’ पोर्टलवरून; अन्न परवाना एफएसएसएआयच्या फॉसकॉस पोर्टलवरून परत; उद्यम नोंदणी उद्यम पोर्टलवरूनच रद्द, फुकट. त्यासाठी पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं की ते सरकारी नाही. वह्या, बिलं, चलनं मात्र जाळू नका. जीएसटीचं रेकॉर्ड वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावं लागतं.

प्रश्न : आम्ही तिघे भागीदार, दालमिल नोंदणीकृत फर्म म्हणून चालवत होतो. एकाने बाहेर पडायचं ठरवलं, मग तिघांनीही फर्मच बंद करायचं ठरवलं. तोंडी हिशोब झाला आहे. एवढ्यावर भागेल का?
— दोन भागीदार, मूर्तिजापूर

उत्तर : नाही. तिघांच्या सह्यांचा विसर्जन करार लेखी करा. त्यात बंद होण्याची तारीख, कोणतं यंत्र कोणाकडे, कोणतं देणं कोण फेडणार आणि व्यापाऱ्यांकडून यायची रक्कम कोणी वसूल करायची, हे नावानिशी यायला हवं. मिलची जागा फर्मच्या नावावर असेल आणि ती मुळात फर्ममध्ये न आणलेल्या भागीदाराकडे जात असेल, तर स्टॅम्प ड्युटी खरेदीखतासारखी लागते. ते करण्याआधी वकिलाला विचारा, नंतर नाही.

मग ९० दिवसांत निबंधक, भागीदारी संस्था यांना विसर्जनाची सूचना द्या. विदर्भासाठी कार्यालय नागपूरला आहे. शिवाय राजपत्रात आणि तुमच्या जिल्ह्यात खप असलेल्या एका मराठी वर्तमानपत्रात जाहीर सूचना. ही सूचना म्हणजे उपचार नव्हे. १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे, जाहीर सूचना होईपर्यंत एखाद्या भागीदाराने फर्मच्या नावाने तूर उधार उचलली तर तिघांकडूनही वसुली होऊ शकते. तिघांत भांडण नसतानाही हे घडतं, कारण समोरच्या व्यापाऱ्याला फर्म बंद झाली हे कळलेलंच नसतं. फर्मचं चेकबुक, लेटरहेड आणि रबरी शिक्के त्याच दिवशी एकाच्या ताब्यात घ्या.

पैशांचा क्रम कलम ४८ मध्ये ठरलेला आहे : आधी बाहेरच्यांची देणी, मग भागीदारांनी फर्मला दिलेली उसनवारी, मग भांडवल, उरलं तर नफ्याच्या वाट्याने. ‘आधी माझं भांडवल काढतो’ असं करता येत नाही. बँकेच्या सीसी (कॅश क्रेडिट) कर्जखात्यावर सहसा तिघांचीही वैयक्तिक हमी असते. बँक लेखी नाहरकत देईपर्यंत ती उतरत नाही, आपसातल्या कराराशी बँकेचं घेणं-देणं नाही. जीएसटीची विसर्जनापर्यंतची थकबाकीही तिघांपैकी कोणाकडूनही पूर्ण वसूल होऊ शकते. दोघांनी मिल चालू ठेवून फक्त एकजण बाहेर पडला असता, तर त्याची सूचना जीएसटी आयुक्तांना एका महिन्यात द्यावी लागली असती. उशीर झाला तर ती पोचेपर्यंतचं देणं त्याच्यावरही.

बँकेचं चालू खातं सर्वांत शेवटी बंद करा. कराचं चलन आणि परतावा त्याच खात्यातून फिरतो. त्यानंतर फर्मचा पॅन आणि टॅन परत.

प्रश्न : पीएमईजीपीमधून (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) मसाला युनिट टाकलं, २० महिने झाले. परवडत नाही, चक्की विकून बंद करायचं आहे. अनुदानाचं काय होईल?
— एक ताई, ब्रह्मपुरी

उत्तर : चक्की आधी विकू नका, ताई. ती बँकेकडे तारण आहे. लेखी परवानगीशिवाय विकली तर साध्या थकबाकीचं फौजदारी प्रकरण होऊ शकतं. अनुदान तुमच्या हातात आलेलं नाही, ते बँकेत तीन वर्षं मुदत ठेवीत अडकून असतं. तीन वर्षांनी युनिट चालू आहे याची पडताळणी झाली की ते कर्जात वळतं होतं. त्याआधी बंद केलं की रक्कम परत जाते. ग्रामीण भागात महिलांना ३५ टक्के, म्हणजे ५ लाखांच्या प्रकल्पात १,७५,००० रुपये. शिवाय त्या रकमेइतक्या कर्जावर बँक आत्ता व्याज लावत नाही, ती सवलतही जाते.

तुमचे साधारण १६ महिने राहिले आहेत. मिरची-हळदीच्या हंगामापुरतं, कमी प्रमाणात चालवणं हा आमच्या मते स्वस्त मार्ग आहे. हप्ता जमत नसेल तर थकण्याआधी शाखेत लेखी अर्ज देऊन मुदत वाढवून मागा. ठेवीची तारीख बँकेकडून लिहून घ्या. तीन वर्षं त्या तारखेपासून मोजा, युनिटच्या उद्घाटनापासून नाही.

प्रश्न : दुकान बंद आहे, तरी कमर्शियल मीटरचं बिल येतं. वापर शून्य आहे.
— एक वाचक, आर्वी

उत्तर : तो स्थिर आकार आहे, मीटर असेपर्यंत येतच राहील. जागा घर म्हणून वापरणार असाल तर महावितरणकडे घरगुती दरासाठी अर्ज करा. नसाल तर कायमस्वरूपी वीज खंडित करण्याचा. मीटर काढताना रीडिंगचा फोटो घ्या, अंतिम बिल भरा आणि सुरक्षा ठेवीच्या परताव्यासाठी बँक तपशील अर्जासोबतच द्या. नुसतं वायरमनला सांगून मीटर काढून घेतलं तर रेकॉर्डवर जोडणी जिवंत राहते. पोच घ्या, तारखेसह.