व्हीलचेअर वापरणाऱ्या माझ्या वडिलांना सहीसाठी सरकारी कार्यालयाच्या पहिल्या मजल्यावर उचलून न्यावे लागले. सरकारी कार्यालयात लिफ्ट किंवा रॅम्प नसेल, तर दिव्यांग व्यक्तीला दाद मागता येते का?

होय, निश्चित मागता येते. व्हीलचेअर वापरणाऱ्या आपल्या वडिलांना सहीसाठी पहिल्या मजल्यावर उचलून न्यावे लागणे ही केवळ गैरसोय नाही, तो त्यांच्या हक्कांचा भंग आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४५ ने जुन्या सार्वजनिक इमारतीही नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांत सुगम्य, म्हणजे दिव्यांगांना सहज वापरता येतील अशा, करण्यास सांगितले होते. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे ती मूळ मुदत २०२२ मध्येच सरली. मात्र या नियमांपैकी नियम १५ मधील सुगम्यतेचे निकष सक्तीचे नसून शिफारसवजा असल्याने अंमलबजावणी ढिली राहिली, आणि माझ्या मते खरे दुखणे तेच होते. राजीव रतुरी या दृष्टिबाधित नागरिकाच्या २००५ सालच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी नियम १५(१) मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक निकष तीन महिन्यांत ठरवण्याचा आदेश केंद्राला दिला.

आपण प्रथम कार्यालयप्रमुखांकडे छायाचित्रांसह लेखी अर्ज करून पोच घ्यावी. दखल न घेतल्यास राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे, महाराष्ट्रात पुण्याला, तक्रार करावी. चौकशीसाठी त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत आणि त्यांच्या शिफारशीवर केलेली कार्यवाही संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत कळवावी लागते.