सोशल मीडियामुळे घरातली नाती खरंच दुरावतात का?

दुरावतात, पण सगळी नाहीत. लांबची नाती उलट जवळ आली. माझी मावशी निफाडला द्राक्षबागेत राहते. पूर्वी तिची खुशाली लग्नकार्यातच कळायची. 2016 मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला, आणि आता ऑक्टोबर छाटणी चालू असताना ती थेट बागेतून व्हिडिओ कॉल करते. मला हे फार मोलाचं वाटतं.

झीज होते ती एकाच छताखालच्या नात्यांची. आमच्या पंचवटीतल्या घरी रात्री सगळे एकत्र जेवतात, पण ताटाशेजारी चार मोबाइल असतात. पेपर वाचून संपतो, रील्स संपत नाहीत. त्या तशाच बनवल्या आहेत. समोरचं माणूस बोलता बोलता गप्प झालं तरी आपल्या लक्षात येत नाही, याचं मला सर्वांत जास्त वाईट वाटतं.

2014 मध्ये व्हॉट्सॲपवर ब्लू टिक आली आणि 'वाचलंस, मग उत्तर का नाही दिलंस?' हे भांडण सुरू झालं. यावरून माझं आणि दादाचं दोन महिने बोलणं बंद होतं. शेवटी रंगपंचमीला नाशिकमधल्या तिवंध्याच्या रहाडीवर, म्हणजे रंगाच्या पाण्यानं भरलेल्या जुन्या हौदावर, भेटलो. रहाडीत उडी मारायची तर मोबाइल काठावरच ठेवावा लागतो. ओल्या अंगानं अर्धा तास बोललो, गैरसमज मिटला.

आता आम्ही जेवताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवतो, ब्लू टिकही सेटिंगमधून बंद केली. आईला मात्र कसलंच बंधन घातलं नाही. दुपारी ती एकटी असते, भजनी मंडळाच्या ग्रुपचा तिला आधार आहे.